इरावतीबाई कर्वे यांचें समूहसंबंधांचें संशोधन आणि मावळचे महजर

१. जुना महजर हातीं आला म्हणजे आपण प्रथम त्याची तिथि जुळवितों, शिक्का पाहतों, वतनाचा वाद कोणाकोणाचा हें काढितों आणि निवाडा कळला कीं कागद बाजूस ठेवितों. हाजिर मजालसीच्या यादीची नक्कल बहुधा घाईनेंच होते. त्या यादींत देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांच्या मागून बलुतेदार येतात. ज्यांस लिहितां येत नसे त्यांच्या नांवापाशीं नांगर, चाक, रापी, आरसा अशी आपापल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी काढिलेली असते. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, या उपेक्षित यादींत महाराष्ट्राच्या समाजरचनेचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तो प्रश्न जिनें आयुष्यभर हातीं धरिला त्या विदुषीच्या, म्हणजे कै. डॉ. इरावतीबाई कर्वे यांच्या, कार्याची ओळख कागदपत्रांच्या संग्राहकांस असणें अगत्याचें आहे. बाईंनीं कवट्या मोजिल्या, माणसें मोजिलीं, खेडीं पाहिलीं. आपण कागद वाचितों. हे दोन पुरावे एकमेकांसमोर फारसे आलेले नाहींत. ते आणावे, एवढाच या लेखाचा हेतु.

२. हा विषय पानशेतास बसून लिहिण्यास कारण आहे. आंबी नदीवरील येथील मातीचें धरण ता. १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें धरण गेलें, आणि पुण्याच्या नदीकांठच्या जुन्या पेठांत पाणी शिरलें, हें सर्वश्रुत आहे. पुण्याच्या हानीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु त्या पाण्याखालीं जाण्यासाठीं जीं खेडीं आधींच उठविलीं गेलीं त्यांच्या पांढरीचा इतिहास लिहिण्यास फारसें कोणी बसलें नाहीं. धरण पुन्हां उभें राहिलें, जलाशयास तानाजीसागर हें नांव मिळालें, वेल्हें तालुक्यास राजगड म्हणूं लागले. पण गांव उठला तेव्हां एका शिवेंतील कुळें वेगवेगळ्या वाटांनीं गेलीं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं दप्तरेंहि गेलीं. गांव म्हणजे काय, आणि त्यांतील जातीजातींचे समूह एकमेकांस कशानें बांधलेले होते, हा प्रश्न अशा ठिकाणीं पुस्तकी राहत नाहीं. योगायोग असा कीं, त्याच १९६१ सालीं बाईंचा हिंदु समाजाच्या रचनेची मीमांसा करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

३. प्रथम चरित्र थोडक्यांत सांगतों. इरावतीबाईंचा जन्म ता. १५ डिसेंबर १९०५ रोजीं ब्रह्मदेशांत म्यिंजान येथें झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथें नोकरीस होते. तेथील महानदीवरून मुलीचें नांव ठेविलें गेलें. सातव्या वर्षीं तिला पुण्यास हुजूरपागेंत शिक्षणासाठीं पाठविण्यांत आलें, आणि पुढें फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरीं ती वाढली. १९२६ सालीं तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या. मुंबई विद्यापीठांत डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखालीं त्यांनीं समाजशास्त्राचा अभ्यास केला व १९२८ सालीं एम्. ए. पदवी मिळविली; प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण हा होता. दरम्यान महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे अध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला होता.

त्याच वर्षीं त्या बर्लिनला गेल्या. तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हे त्यांचे गुरु. मनुष्याच्या कवटीची उजवी व डावी बाजू सारखी नसते; हा असमपणा वंशपरत्वें बदलतो आणि त्याचा बुद्धीशीं संबंध आहे, असें मत त्या वर्तुळांत प्रचलित होतें. बाईंनीं युरोपांतील व आफ्रिकेंतील जर्मन वसाहतींतून आणिलेल्या कवट्या मोजिल्या. असमपणा सर्वत्र आढळला. वंशांवंशांत अपेक्षित भेद मात्र आढळला नाहीं. परक्या देशांत, गुरूच्या संस्थेंत, गुरूच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा निष्कर्ष पंचविशीच्या आंतबाहेर असलेल्या एका हिंदी विद्यार्थिनीनें लिहून ठेविला. पुढें त्याच फिशर यांनीं जर्मनींत नाझी राजवटीच्या वंशवादास शास्त्राचा आधार पुरविला, हें लक्षांत घेतां त्या निष्कर्षाचें मोल अधिकच वाटतें. ‘मोजलें तें लिहिलें, हवें तें लिहिलें नाहीं’ हा पहिला धडा संशोधकानें त्यांजपासून घ्यावा.

स्वदेशीं परतल्यावर कांहीं वर्षें त्यांनीं महिला विद्यापीठाचें प्रशासकीय काम पाहिलें. १९३९ सालीं पुण्याचें डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें तेव्हां त्या तेथें समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या, आणि अखेरपर्यंत तेथेंच राहिल्या. त्याच संस्थेंत त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांचा इतिहास शिकवीत होते, हसमुख धीरजलाल सांकळिया उत्खननें करीत होते, आणि पुढें विठ्ठल त्रिंबक गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील प्रबंध १९५३ सालीं तेथूनच बाहेर पडला. म्हणजे महजरांचा अभ्यास व जातींचा अभ्यास हे एकाच छपराखालीं चालत होते. ता. ११ ऑगस्ट १९७० रोजीं बाईंचा अंत झाला. मराठी वाचक त्यांस ‘परिपूर्ति’, ‘भोवरा’ व ‘युगान्त’ यांच्या लेखिका म्हणून ओळखतो. परंतु त्यांचें मुख्य कार्य निराळें होतें.

४. तें कार्य समजण्यास आधींचीं मतें पाहिलीं पाहिजेत. जातिसंस्थेच्या उपपत्तीविषयीं मराठी भाषिक विद्वानांची एक परंपराच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं अमेरिकेंत असतां १९०९ सालीं मनुस्मृतीच्या आधारें जातींचा इतिहास लिहिला. भीमराव आंबेडकर यांनीं ता. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्क येथें कोलंबिया विद्यापीठांत वाचलेल्या निबंधांत असें दाखविलें कीं, जातीचें मर्म स्वजातीय विवाहांत आहे; एका वर्गानें आपलें दार लावून घेतलें, आणि इतरांनीं कांहीं अनुकरणानें, कांहीं बाहेर लोटले गेल्यामुळें, आपापलीं दारें लाविलीं. घुर्ये यांचा ग्रंथ १९३२ सालीं आला. त्यांच्या मतें पोटजाती म्हणजे मोठ्या जातीच्या फुटलेल्या फांद्या. मूळ एक, मागाहून स्थलभेदानें, आचारभेदानें किंवा धंद्यांतील फरकानें तुकडे पडले.

इरावतीबाईंनीं या ठिकाणीं गुरूशीं मतभेद दाखविला. त्यांचें म्हणणें असें: ज्यास आपण पोटजात म्हणतों तीच खरी जात. तिच्यांतच विवाह होतात, सगेसोयरे तींतच असतात, तिचा प्रदेश ठरलेला असतो. जात म्हणजे विस्तार पावलेलें कुळच होय. ‘कुंभार’ हें जातीचें नांव नव्हे. एकच धंदा करणाऱ्या अनेक जातींच्या पुंजक्याचें तें नांव आहे. महाराष्ट्रांत थोरचाके व लहानचाके असे कुंभार आहेत. त्यांच्या चाकाचा आकार वेगळा, सोयरीक वेगळी. ते एका मूळ कुंभार जातीपासून फुटले असें मानण्यास पुरावा काय? उलट निरनिराळ्या ठिकाणचे, निरनिराळ्या मूळचे समूह एकाच धंद्यांत शेजारीं शेजारीं येऊन बसले, असें मानणें अधिक सयुक्तिक, असा त्यांचा पक्ष. पुढें १९६८ सालीं कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनीं महाराष्ट्रांतील सारख्या दर्जाच्या आठ ब्राह्मण जातींच्या शारीरिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. तींतहि हे आठ समूह एकमेकांपासून भिन्न दिसले. आपल्या घरगुती भाषेंत बोलावयाचें तर हा समाज एका ठाणाचें फाडलेलें कापड नव्हे, ती निरनिराळ्या लुगड्यांच्या तुकड्यांची शिवलेली गोधडी आहे.

५. येथें स्वतःची एक कबुली दिली पाहिजे. प्रस्तुत लेखकानें आयुष्यभर संस्कृत शिकविलें. जातींचा उगम विचारला कीं पुरुषसूक्तांतील चार वर्ण सांगावे आणि मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांतील संकरजातींची मांडणी फळ्यावर काढावी, हा नेम होता. एके दिवशीं कुंभाराच्या घरच्या एका मुलानें विचारलें, “गुरुजी, आमच्यांत आणि पलीकडच्या कुंभारांत सोयरीक होत नाहीं. मग या श्लोकांतला कुंभार आम्ही कीं ते?” उत्तर नव्हतें. घरीं येऊन स्मृती चाळल्या तों एकाच धंद्याच्या जातीची उत्पत्ति एका ग्रंथांत एक, तर दुसऱ्यांत दुसरीच दिलेली. शास्त्रकारांनीं आधीं अस्तित्वांत असलेल्या अनेक समूहांस मागाहून वंशावळ जोडिली असावी, हा विचार तेव्हां प्रथम मनांत आला. आणि बाईंचें पुस्तक हातीं आल्यावर त्या मुलाचा प्रश्न किती मोलाचा होता हें कळलें.

६. जातींच्या उगमाइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा प्रश्न त्यांच्या परस्परसंबंधांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत समूहांसमूहांतील वैर हा मानसशास्त्राचा मोठा विषय झाला. गॉर्डन ऑलपोर्ट यांनीं १९५४ सालीं पूर्वग्रहाच्या स्वरूपावर ग्रंथ लिहिला. समान दर्जानें, समान हेतूसाठीं संबंध आला तर पूर्वग्रह कमी होतो असें त्यांनीं मांडिलें. त्याच वर्षीं मुझफर शेरीफ यांनीं ओक्लाहोमा प्रांतांत मुलांच्या शिबिरावर प्रयोग केला. मुलांच्या दोन टोळ्या करून त्यांच्यांत चढाओढ लाविली तों वैर उत्पन्न झालें. दोघांनीं मिळून केल्याशिवाय पुरें न होणारें काम पुढें येतांच तें ओसरूं लागलें.

हा दुसरा सिद्धांत मावळच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवा वाटूं नये. रोहिडखोऱ्याचे जेधे व हिरडस मावळचे बांदल यांचें जुनें वैर प्रसिद्ध आहे. ज्या कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरांतील शकावली लोकमान्य टिळकांच्या हातीं आली त्याच घराण्याविषयीं परंपरा सांगते कीं, १६६० सालच्या घोडखिंडीच्या झुंजीनंतर मानाचें पहिलें पान शिवाजी महाराजांच्या शब्दावरून कान्होजी जेधे यांनीं बांदलांस सोडून दिलें. वैर गेलें तें उपदेशानें नव्हे, सामाईक कार्यानें. आणि तरीहि मान कोणाचा हा प्रश्न उरलाच व तो राजानेंच सोडवावा लागला.

इरावतीबाईंनीं मात्र शिबिराचा मार्ग धरिला नाहीं. कृत्रिम टोळ्या करण्याची आपल्याकडे गरज नव्हती; शेंकडों वर्षें शेजारीं राहून न मिसळलेले आणि तरीहि एका गांवाचा गाडा ओढणारे समूह डोळ्यांसमोर होते. यशवंत भास्कर दामले यांच्यासह पश्चिम महाराष्ट्रांतील तीन गांवांची पाहणी करून १९६३ सालीं त्यांनीं खेड्यांतील समूहसंबंधांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणाचें घर कोणाशेजारीं, अडीअडचणीस कोण कोणाकडे जातो, घरांत कोठपर्यंत कोणास येऊं देतात, अशा साध्या प्रश्नांवर ती पाहणी उभी आहे. नातें व जात हीं दोन बंधनें अद्याप सर्वांत बळकट आहेत, असें तींत दिसून आलें. फलटण या वाढत्या शहराचा अभ्यास १९६५ सालीं आला. कोयना धरणामुळें उठलेल्या लोकांची पाहणी जाई निंबकर यांच्यासह १९६९ सालीं प्रसिद्ध झाली. पानशेतच्या मनुष्यास ती वाचतांना परक्या खोऱ्याची वाटत नाहीं.

हें सर्व कोरड्या जिज्ञासेनें झालें नाहीं. पंढरीच्या वारींत त्या स्वतः चालल्या. ‘वाटचाल’ या लेखांत त्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, एकाच दिंडींत, एकच अभंग गात चालणाऱ्या ब्राह्मण व मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या होत. त्याचा त्यांस खेद झाला, आणि मराठा बायांबरोबर त्या जेवल्या तेव्हां त्या बाया अधिक मोकळेपणानें वागूं लागल्या. पंक्तिभेदाच्या प्रश्नाचें असें उत्तर स्वतः पानावर बसून देणारा संशोधक विरळा.

७. आतां महजरांकडे वळूं. बाईंचा सिद्धांत कागदांवर कितपत उतरतो?

पहिली गोष्ट अनुकूल आहे. गांवच्या शिवेचा, वतनाचा, मानपानाचा वाद गोतसभेपुढें येई. तेथें सर्व समूह आपापल्या मुख्याच्या द्वारें हजर राहत. परंतु जातीच्या आंतील सोयरिकीचे व आचाराचे तंटे त्या त्या जातीची सभा तोडी. म्हणजे प्रत्येक समूह आंतून आपल्यापुरता पूर्ण, आणि इतरांशीं त्याचा संबंध ठरलेल्या कडेवरच. महजराखालच्या निशाण्या हेंच दाखवितात: कागद एक, निर्णय एक, पण प्रत्येकाची खूण आपल्या हत्याराची.

दुसरी गोष्ट इशारा देणारी आहे. कागदांत ‘कुंभार’ किंवा ‘सुतार’ असें लिहिलें असतें. लिहिणाऱ्या कुळकर्ण्यास गांवची चाकरी कोण करतो एवढेंच पाहावयाचें असे. त्याची सोयरीक कोठें हें नव्हे. सबब दोन गांवच्या महजरांत कुंभार आढळले म्हणून ते एका जातीचे, असें अनुमान काढतां येत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांनीं, प्रस्तुत लेखकासह, तें आजवर बेधडक काढिलें आहे. एका धंद्याच्या नांवाखालीं अनेक जाती असतात हें मानिलें म्हणजे कागदांतील जातिवाचक शब्द धंदावाचक समजून पुन्हां वाचावे लागतील.

तिसरी गोष्ट प्रतिकूल आहे, आणि ती सांगितल्याविना हा लेख स्तुतिपाठ होईल. गोधडीचे तुकडे शेजारीं शेजारीं असतात. महजरांतील नांवें तशीं नसतात. तीं क्रमानें असतात, आणि क्रम म्हणजे सत्ता. शिवेच्या वादांत महाराची साक्ष अत्यंत मोलाची मानीत. शीव चालून दाखविण्याचें जोखमीचें काम त्याच्याकडे येई. तरी यादींत त्याची जागा शेवटीं. वतन, जमीन व राजाज्ञा यांनीं समूहांस वरखालीं बसविलें होतें, नुसतें शेजारीं नव्हे. बाईंच्या विवेचनांत समूहांच्या वेगळेपणाचा जितका खोल विचार आहे तितका एकानें दुसऱ्यास दाबून ठेवण्याचा नाहीं, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनीं घेतला आहे, आणि तो कागदांच्या दृष्टीनें खरा वाटतो. महार वतनें व तत्सम कनिष्ठ गांववतनें मुंबई राज्यानें १९५८ सालच्या कायद्यानें रद्द केलीं. जें केवळ शेजार होतें तें रद्द करण्यास कायदा लागला नसता. आंबेडकरांचें १९१६ सालचें ‘बाहेर लोटलेल्यां’विषयींचें विधान येथें बाईंच्या सिद्धांतास जोडून वाचावें, म्हणजे चित्र पुरें होतें.

८. तात्पर्य असें. जातींचा उगम फाटाफुटींत कीं एकत्र येण्यांत, या वादाचा निकाल केवळ मोजमापांनीं लागणार नाहीं. श्लोकांनीं तर नाहींच. अनेक गांवच्या, अनेक शतकांच्या यादी शेजारीं मांडूनच त्यास कांहीं उजेड मिळेल, आणि त्या यादी आपल्यासारख्यांच्या हातीं आहेत. म्हणून संग्राहकांस चार विनंत्या आहेत. महजराची नक्कल करतांना हजर मंडळींची यादी पूर्ण घ्यावी व क्रम बदलूं नये. निशाणीचें चित्र जसेंच्या तसें उतरावें; ‘निशाणी’ एवढा शब्द लिहून भागवूं नये. बलुतेदाराचें आडनांव, नातें, मूळ गांव यांचा जेथें उल्लेख असेल तेथें तो निराळा टिपावा. आणि ज्या घरांतून कागद आला त्या घरची आजची सोयरीक कोणत्या गांवीं होते, हें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून त्याच कागदाबरोबर लिहून ठेवावें. या शेवटच्या गोष्टीस मोल पडत नाहीं, पण ती विचारण्याची मुदत संपत आली आहे.

पानशेतच्या जलाशयाचें पाणी उन्हाळ्यांत उतरतें तेव्हां जुन्या शिवारांचा थोडा भाग उघडा पडतो. त्या शिवारांच्या हक्कांसाठीं ज्यांनीं एके काळीं एकत्र बसून एकाच कागदावर निरनिराळ्या खुणा केल्या त्यांचे वंशज आतां दूरदूरच्या गांवीं आहेत. त्यांच्या पेट्यांत अजून कांहीं कागद असतील. ते रद्दींत जाण्यापूर्वीं पाहिले जावे. प्रस्तुत लेखक आपल्या परीनें हें काम करीत आहे. एकट्याच्या हातून तें होण्यासारखें नाहीं. विद्वानांनीं वरील मतांचा विचार करून जें चुकलें असेल तें दाखवावें, आणि ज्यांजपाशीं मावळच्या महजरांच्या यादी असतील त्यांनीं त्या प्रसिद्ध कराव्या, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतों.